इंजिनाखालचा थेंब आणि रबराची एक बारीक कड

शिडाच्या बोटीला इंजिन लागतंच. वारा पडतो, ओहोटीचा जोर उलटा असतो, गर्दीच्या बंदरातून वाट काढायची असते. बहुतेक बोटींत केबिनमध्ये उतरायच्या पायऱ्यांखाली एका खोक्यात दोन-तीन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन बसवलेलं असतं. पायऱ्या काढल्या की त्याची पुढची बाजू दिसते. मागच्या बाजूला मात्र हातही धड पोचत नाही, आणि तेल तिथूनच गळताना दिसतं.

अशाच एका जुन्या इंजिनाखाली आम्ही पांढरा कागद अंथरून बसलो होतो. इंजिन थंड असताना कागद कोरडा होता. वीस मिनिटं चालल्यावर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, घराखालून पहिला काळा थेंब पडला आणि मग मिनिटाला एक पडू लागला. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर चोवीस तास चालणाऱ्या इंजिनातून ७२ मिलिलिटर तेल जातं. हे तेल बोटीच्या तळातल्या पाण्यात उतरतं आणि तिथला पंप ते समुद्रात टाकतो. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतक्या जाडीचा रुपेरी तवंग झाला, तर तेवढं तेल ७२० चौरस मीटर पसरतं. म्हणजे कबड्डीची पाच मैदानं भरून थोडं उरतं. तळात साबण ओतून हे सुटत नाही. तेलाचे बारीक कण होऊन ते पाण्यात मिसळतं, नजरेआड होतं, पण समुद्रात जातंच. त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनची शोषक चादर ठेवावी. ती पाणी सोडून तेल धरते.

मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." शक्यता होती, पण खात्री नव्हती. प्रॉपेलरचा शाफ्ट तिरका खाली जातो, त्यामुळे इंजिनही बहुधा मागे कललेलं असतं. वरच्या कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा ऑइल प्रेशरच्या स्विचमधून झिरपलेलं तेलसुद्धा उतारावरून मागेच येतं. तळातल्या खाऱ्या पाण्याने ऑइल चेंबरचा पत्रा बाहेरून गंजून टाचणीएवढं भोक पडलेलंही मी पाहिलंय. म्हणून आधी इंजिन स्वच्छ धुऊन पुसावं. थंड असतानाच संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरावी, मग इंजिन चालवावं आणि फिरत्या भागांपासून हात लांब ठेवून टॉर्चने बघावं. पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ जिथे सुरू होते, तिथे गळती. स्विच पाच मिनिटांत बदलता येतो, गिअरबॉक्स उतरवायला अख्खा दिवस जातो. आमच्या इंजिनात वरचं सगळं कोरडं निघालं. सीलच गेलं होतं.

इंजिनाचा फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, मागे फ्लायव्हीलकडे जिथून बाहेर येतो तिथे त्याच्याभोवती हे रबरी कडं बसवलेलं असतं. ते बाटलीच्या बुचासारखं काम करतं असं बऱ्याच जणांना वाटतं. रबराची कड शाफ्टला घट्ट आवळून बसते म्हणून तेल थांबतं, अशी समजूत. तसं असतं तर मिनिटाला दोन हजार फेरे घेणाऱ्या शाफ्टवर कोरडं रबर काही वेळातच जळून गेलं असतं. कड आणि पोलाद यांच्यामध्ये तेलाचा जेमतेम एका मायक्रॉनचा थर असतो, हे १९५७ साली संशोधक ई. टी. जॅगर यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. मग ते तेल बाहेर का येत नाही? कडेचे दोन उतार सारखे नसतात. तेलाकडचा उतार उभा, हवेकडचा पसरट. फिरणाऱ्या शाफ्टबरोबर रबराचा पृष्ठभाग किंचित ओढला जातो, त्यावरचे सूक्ष्म उंचवटे तिरके होतात आणि बाहेर निघालेलं तेल परत आत ढकलतात. सील हा एक इवलासा पंप आहे. उलटं बसवलं तर तोच पंप तेल बाहेर फेकतो. मला या साध्या वस्तूचं अजूनही नवल वाटतं.

हा पंप बिघडतो तो उष्णतेने. रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं, कडेचा लवचिकपणा जातो. तेलात आलेली धूळ आणि धातूचा कीस कडेत रुततो, आणि मऊ रबर पोलादावर चर पाडतं. नखाने चाचपलं तर कळते. त्यात तेल तापून पातळ झालेलं असतं: इंजिनाचं १५डब्ल्यू-४० दर्जाचं तेल १०० अंश सेल्सिअसला ४० अंशांच्या मानाने साधारण सात-आठ पट पातळ असतं. आमचा कागद सुरुवातीला कोरडा राहिला तो यामुळे.

नवं सील लावायच्या आधी ब्रीदर बघा, असं मी आग्रहाने सांगेन. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या पोकळीत, उतरतोच आणि ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडतो. नळी काजळीने तुंबली की आत दाब साठतो आणि म्हाताऱ्या सीलमधून तेल बाहेर रेटतो. शिडाच्या बोटीत हे वरचेवर होतं, कारण इंजिन बंदरातून बाहेर पडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं, हलक्या भारावर चालतं आणि पुरतं तापायच्या आत बंद होतं. सिलिंडरच्या भिंतीवर तेल धरून ठेवणाऱ्या बारीक रेघा असतात. त्यांत लाखेसारखा जळका थर बसतो, पिस्टनच्या रिंगा नीट टेकत नाहीत आणि खाली उतरणारा वायू वाढतो. आमच्या ब्रीदरच्या नळीतून फुंकर मारली, तर हवा जाईना. सील नुसतं बदललं असतं, तर ते लवकरच पुन्हा गळलं असतं.

मग खोलाखोल. गिअरबॉक्स आणि प्रॉपेलरचा शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांवर, म्हणजे कपलिंगवर, खुणा करून ते सोडवलं. गिअरबॉक्स बूमला, म्हणजे शिडाच्या आडव्या दांड्याला, बांधलेल्या कप्पीने तोलून मागे घेतला. त्यानंतर धक्के शोषणारी डॅम्पर प्लेट आणि फ्लायव्हील निघालं. क्रँकशाफ्टवर चर सापडली. पॉलिश पेपर हातात घेऊन शाफ्ट चकाकवायचा मोह इथे होतो. पण कागद पुढे-मागे सरकवत घासला तर मळसूत्रासारखे ओरखडे पडतात, आणि तेच तेल बाहेर काढणारा स्क्रू होऊन बसतात. आम्ही फक्त कापडाने पुसलं, नव्या कडेला तेल लावलं आणि सील तीन मिलिमीटर आत बसवलं, म्हणजे कड चरीवर न येता कोऱ्या पोलादावर टेकेल. सीलच्या घरात तेवढी जागा होती आणि तेलाचं भोक झाकलं जात नव्हतं, हे आधी मोजून घेतलं होतं.

कपलिंग पुन्हा जोडायचं ते बोट पाण्यात असताना. किनाऱ्यावर टेकूंवर उभ्या बोटीचा सांगाडा वेगळ्या ठिकाणी वाकतो, आणि तिथे जुळवलेला प्रॉपेलरचा शाफ्ट पाण्यात गेल्यावर जुळत नाही. दोन्ही चकत्यांमधली फट चारी बाजूंनी फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी मोजली. फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आणायला अर्धी दुपार गेली.

इंजिन तासभर गिअरमध्ये चालवलं. कागद कोरडा. बोटीच्या वहीत तारखेपुढे लिहिलं: मागचं सील ३ मिमी आत, ब्रीदर साफ, पुढच्या वेळी क्रँकशाफ्टवर पातळ स्टेनलेस स्लीव्ह (नळीसारखं वेष्टण) चढवावी लागेल.