फॉल-पिको राहिलेल्या साड्या

गेल्या आठवड्यात इंदूरला ताईकडे गेलो, तर भाचीच्या टेबलावर तीन पार्सलं. टेपसुद्धा न फाडलेली. हीच पोरगी पार्सल निघाल्याचा मेसेज आल्यापासून दर दहा मिनिटांनी गॅलरीत डोकावत होती म्हणे! “उघड की,” म्हटलं, तर “उघडते मामा, संध्याकाळी.” ताईचा निकाल तयार: आजकालच्या पोरी उधळ्या. मला मात्र माकडं आठवली.

वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ माकडांच्या मध्यमेंदूतल्या, डोपामाइन हे रसायन सोडणाऱ्या एकेका पेशीचे विद्युत-स्पंद टिपत होते. माकडाला अवचित फळाच्या रसाचा थेंब मिळाला की पेशी तडतडायची. यात नवल नाही. मग रसाआधी दर वेळी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला सवय झाली, आणि पेशी दिव्यालाच तडतडू लागली. रस मिळाल्यावर ढिम्म! रस तोच, गोडीही तीच. त्याहून गंमत म्हणजे, दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळी पेशीची एरवीची मंद टिकटिकही थांबायची.

म्हणजे पेशी रस मोजत नव्हती, वजाबाकी करत होती: मिळालं ते वजा अपेक्षित होतं ते. जास्त मिळालं तर अधिक, तेवढंच मिळालं तर शून्य, कमी मिळालं तर उणे. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर दयान आणि रीड माँटेग्यू यांनी दाखवून दिलं, की संगणकाला अनुभवातून शिकवण्याच्या एका पद्धतीतलं गणितही हेच आहे. त्यात पुढच्या बक्षिसाचा अंदाज या क्षणी किती बदलला, तेही धरतात. दिवा अवचित लागतो, त्या क्षणी अंदाज शून्यावरून वर उडी घेतो. म्हणून उसळी रसावरून दिव्यावर सरकते.

भाचीचा दिवा म्हणजे तो मेसेज. पार्सल दारात आलं तेव्हा हिशेब शून्यावर आलेला. शीतलामाता बाजारात गादीवर बसून “ये देखिए, भाभीजी” म्हणत साड्यांवर साड्या उलगडणारा दुकानदार तरी वेगळं काय करतो? भराभर दिवेच लावतो. अर्थात, माकडाच्या रसावरून माणसाच्या साडीवर उडी जपूनच मारावी. तेवढं भान ‘डोपामाइन ड्रेसिंग’वाल्यांना नाही. भडक पिवळा घाला, डोपामाइन वाढेल, म्हणे! शनिवारी नवं वस्त्र नेसू नये, त्याच माळेतला हा मणी.

“पण चारचौघांत नीट दिसायला नको?” ताई म्हणाली. त्यावरही प्रयोग झालाय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं. निष्कर्ष २००० साली छापून आले. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आलं असणार. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना टी-शर्टावर काय होतं ते सांगता आलं. ‘लोक काय म्हणतील’ यातल्या लोकांची संख्या आपण घरबसल्या दुप्पट करून ठेवतो.

ताई काही बोलली नाही. मला टॉवेल द्यायला तिने कपाट उघडलं, तर वरच्या खणात दोन माहेश्वरी, दुकानाच्या पिशवीतच.

“या कधीच्या?”

“मागच्या दिवाळीच्या. फॉल-पिको व्हायचंय अजून.”