ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आणि ओझरच्या फ्लाइटची वेळ

ओझरहून विमानाने ये-जा करणाऱ्या नाशिककरांना हे चांगलंच माहितीय, की दिवाळीच्या आसपास एकदा आणि पाडव्याच्या आसपास परत एकदा फ्लाइटच्या वेळा बदलतात, सकाळची फ्लाइट दुपारवर जाते, एखादं शहर यादीतून जातं आणि दुसरंच येतं. मग ग्रुपवर चर्चा सुरू होते की नाशिकला कोणी विचारतच नाही. हा राग मला पटतो, पण या बदलामागची बरीचशी कारणं ही कंपनीच्या मर्जीची नाहीतच, ती हवेची, उन्हाची आणि वाऱ्याची आहेत, आणि ती कळली की टाइमटेबल वाचायची नजरच बदलते.

जगभरातल्या विमान कंपन्या वर्षाचे दोनच सीझन मानतात. समर शेड्यूल मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि विंटर शेड्यूल ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. २०२६ मध्ये या तारखा २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. आता हेच रविवार का? कारण युरोपात त्याच दिवशी घड्याळं बदलतात, उन्हाळ्यात उजेड जास्त वेळ वापरता यावा म्हणून तिथे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरमध्ये परत मागे घेतात.

आपण भारतात घड्याळाला हातही लावत नाही, मग आपल्याला काय फरक पडतो? पडतो ना. समजा मुंबईहून निघालेलं विमान लंडनला सकाळी ७ वाजता उतरायचंय. उन्हाळ्यात लंडनचे ७ म्हणजे आपले साडेअकरा, हिवाळ्यात तेच ७ म्हणजे आपले साडेबारा. लंडनच्या विमानतळावर उतरायची वेळ, म्हणजे स्लॉट, ठरलेला असतो आणि तो तिथल्या घड्याळाप्रमाणे असतो, त्यामुळे आपल्याकडून निघायची वेळ सरकवावी लागते. ती सरकली की तिला जोडून येणाऱ्या देशातल्या फ्लाइट सरकतात, त्या सरकल्या की तेच विमान पुढे जिथे जिथे जाणार असतं तिथल्या वेळा सरकतात, आणि असं करत करत लंडनमधला तो एक तास ओझरपर्यंत येऊन पोचतो. अमेरिकेत तर अजून वेगळं, तिथे २००७ पासून घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, म्हणजे मधले काही दिवस युरोपचं गणित वेगळं आणि अमेरिकेचं वेगळं.

हे झालं घड्याळाचं. मला स्वतःला यातला हवेचा भाग जास्त आवडतो.

विमान उचललं जातं ते पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे, आणि ती हवा जितकी दाट तितकं ते सहज उचललं जातं. गरम हवा पसरते, विरळ होते. ओझर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे तिथली हवा मुंबईपेक्षा मुळातच थोडी विरळ. त्यात जानेवारीच्या पहाटे १० अंश आणि एप्रिल-मेच्या दुपारी ४० अंश धरले तर हवेची घनता जवळपास १० टक्क्यांनी कमी होते. मग तेवढंच वजन उचलायला विमानाला साधारण ५ टक्के जास्त वेग लागतो, आणि इंजिनलाही तीच विरळ हवा मिळत असल्यामुळे त्याचा जोर कमी पडतो, म्हणजे धाव लांबते. धावपट्टी तोकडी असेल तर कंपनीला माणसं नाहीतर सामान कमी करावं लागतं, किंवा सरळ फ्लाइट सकाळी-संध्याकाळी न्यावी लागते. ओझरला याचा त्रास त्यामानाने कमी, कारण तिथली धावपट्टी सुमारे ३ किलोमीटर लांब आहे. एचएएल या सरकारी कंपनीचा लढाऊ विमानांचा कारखाना तिथे १९६४ पासून आहे, आधी मिग आणि नंतर सुखोई, आणि आपली प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवरून उडतात. पण विमान ज्या गावी जाणार तिथली धावपट्टी आखूड असेल तर? टाइमटेबल दोन्ही टोकं बघूनच ठरतं.

आणि वारा! हिवाळ्यात उत्तर भारतावर साधारण १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेगाने, कधी त्याहूनही जोरात, वारा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. आता हिशोब बघा. दिल्ली ते कोलकाता साधारण १३०० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी ८३० आणि पाठीमागून फक्त १०० चा वारा धरला तर जाताना सुमारे ८४ मिनिटं लागतील, येताना तोच वारा समोरून आला की १०७. एकाच रस्त्यावर जाता-येता २३ मिनिटांचा फरक, आणि हे सगळं फक्त वाऱ्यामुळे. पावसाळ्यात हा प्रवाह तिबेटच्या पठाराच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारतावर उलट दिशेचा, पूर्वेकडून येणारा जेट तयार होतो, तो पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात जगापुढे मांडला, आणि हे आपल्या शाळेत आवर्जून शिकवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तर सीझन बदलला की प्रवासाला लागणारा वेळच बदलतो, म्हणून छापलेली वेळही बदलते.

धुक्याचं मात्र नाशिककरांना वेगळं सांगायला नको. निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, रात्रभर जमीन आपली उष्णता वर सोडत राहते आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, म्हणून ती शेकोटी. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत हेच होतं, फक्त तिथे हवेत ओल आणि धूळ-धूर भरपूर, त्यामुळे त्या गार थरात दाट धुकं धरतं आणि सूर्य वर येईपर्यंत हटत नाही. दिल्लीच्या विमानतळावर ५० मीटरपर्यंत दिसत असलं तरी उतरता येईल अशी यंत्रणा आहे, पण त्यासाठी विमानही तसं लागतं आणि पायलटही तसं ट्रेनिंग घेतलेले लागतात, शिवाय दोन विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं, म्हणजे तासाला उतरणारी विमानं कमी. सकाळी दिल्लीत अडकलेलं विमानच दुपारी ओझरला यायचं असतं, त्यामुळे ओझरला लख्ख ऊन पडलेलं असलं तरी बोर्डावर फ्लाइट डिले दिसते. शहाणी कंपनी म्हणूनच हिवाळ्यात दिल्लीच्या पहाटेच्या फ्लाइट कमी ठेवते.

पावसाळ्याचं वेगळं. एटीआरसारखी पंख्याची छोटी विमानं फार तर साडेसात किलोमीटरपर्यंत चढतात, आणि पावसाळी ढगांचे मनोरे १२-१५ किलोमीटरपर्यंत जातात, त्यामुळे ढगावरून जाण्याचा प्रश्नच नाही, वळसाच घालायचा, आणि वळशाला वेळ आणि इंधन दोन्ही लागतं.

रूट का बंद होतात त्यात मात्र पैशाचा भाग मोठा आहे, ते लपवायचं कारण नाही. विमानं मोजकी असतात, हिवाळ्यात गोव्याला गर्दी तर मे महिन्यात थंड हवेच्या ठिकाणांना, मग विमान तिकडे जातं. शिवाय गर्दीच्या विमानतळांवर मिळालेला स्लॉट सीझनमध्ये किमान ८० टक्के वापरला नाही तर पुढच्या वर्षी त्यावरचा हक्क जातो, म्हणून कंपन्या मोठ्या शहरातला स्लॉट सोडत नाहीत आणि कात्री छोट्या गावांवर चालते. इथे नाशिककरांनी भांडलंच पाहिजे, पण वेळ साधून. सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत, म्हणजे ऐन पावसाळ्यात आणि २८ मार्च २०२७ ला सुरू होणाऱ्या समर शेड्यूलमध्ये. समर शेड्यूलच्या स्लॉटची जागतिक बैठक आदल्या नोव्हेंबरात होते. म्हणून जादा विमानांची मागणी २०२६ च्या दिवाळीआधीच कंपन्यांच्या टेबलावर पोचली पाहिजे, आणि त्या मागणीत पावसामुळे लागणाऱ्या जादा वेळेचा हिशोबही आधीच धरलेला असला पाहिजे.