कंबर चोळून घेणं वेगळं, कंबर घडवणं वेगळं

मालिश काय ते कोकणात कुणाला शिकवायला नको. गावोगाव चोळणारे हात आहेत, उसण भरली की पायाळू माणसाची लाथ आहे (ती कृपा करून टाळा), तालुक्याला फिजिओथेरपिस्ट आहे. व्यायामही सगळ्यांना ठाऊक असतो, करत कुणी नाही.

प्रश्न असा, की तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीला मालिश करावी की व्यायाम. 'मणका सरकलेला, बसवून घेतला' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अशा बहुतेक दुखण्यांत काहीच सरकलेलं नसतं. मणका 'बसवताना' येणारा 'कट्ट' आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार झाल्याचा. त्यात हाड जागेवर बसत नाही. हाताच्या उपचाराने मज्जासंस्था वेदनेला काही काळ कमी दाद देते, आखडलेले स्नायू सैल पडतात. आराम खरा असतो, पण कंबरेची ताकद कालच्याइतकीच राहते. लावणीला वाकून राहणं, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासळीच्या टोपल्या उचलणं, हापूसच्या पेट्या टेम्पोत चढवणं, यातलं काल जेवढं सोसत होतं तेवढंच आज सोसणार. माणूस मात्र बरं वाटलं म्हणून थेट चिखलात उतरतो आणि चार दिवसांनी पुन्हा तेलाची बाटली शोधतो.

व्यायामाचं नेमकं उलटं. सुरुवातीला थोडं दुखतं, आणि तिथेच लोक म्हणतात, 'व्यायामाने वाढलं, चोळल्यावर उतरलं.' अहो, दुखणं म्हणजे इजा नव्हे! दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं तर चालू ठेवा. नाही आलं तर भार कमी करा, बंद करू नका. असा थोडाथोडा वाढवलेला भारच कंबरेची सहनशक्ती वाढवतो, आणि त्याला आठवडे लागतात.

चालणं, योगासनं की वजनं, यावर वाद घालत बसू नका. जे रोज कराल ते घ्या. मालिश हवीच असेल तर घ्या, पण दुखणं उतरलेल्या त्या वेळात व्यायाम उरका. कंबरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरण्याचा उपचार) यांवर मात्र पैसे घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम आहे, मालिशही आहे. पट्टा आणि ट्रॅक्शन यांना मात्र नकार आहे.

लघवी अडली, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पायातलं बळ गेलं, तर मालिशही नको आणि व्यायामही नको. त्याच रात्री गाडी करून जिल्हा रुग्णालय गाठा.