दोर तुटतो तेव्हा त्यातली ऊर्जा कुठे जाते?

पावसाळ्यात कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या कच्च्या रस्त्यावर हे दृश्य हमखास दिसतं. गाडी पोटापर्यंत रुतलेली, चाकं जागच्या जागी गरगरतायत आणि कुणीतरी पिकअप घेऊन मदतीला आलंय. सामान बांधायचा पट्टा निघतो. त्याचं एक टोक रुतलेल्या गाडीच्या कडीत जातं, दुसरं पिकअपच्या मागच्या टो बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर. भोवती दहा-बारा जण, त्यातली दोन पोरं अगदी पट्ट्याला लागून उभी. "पट्टा दणकट आहे ना?" एवढं विचारून पिकअपवाला हिसका देतो.

बहुतेक वेळा गाडी निघते, म्हणूनच ही सवय मोडत नाही. टो बॉल हा ट्रेलर ओढण्यासाठी, म्हणजे संथ ताणासाठी बनवलेला असतो. हिसक्याने त्याची मान तुटली, तर पट्ट्यात साठलेला सगळा जोर त्या लोखंडी गोळ्याला मिळतो. ऑस्ट्रेलियात अशा उडालेल्या टो बॉलमुळे माणसं दगावली आहेत. म्हणून विंचचा (ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणाऱ्या मोटरच्या यंत्राचा) दोर, पट्टे आणि शॅकल (दोर जोडायची पिन असलेली कडी) निवडताना दोर किती वजन पेलतो एवढ्यावर थांबू नये. तो ताणला गेल्यावर त्यात किती ऊर्जा साठते, आणि काही तुटलं तर ती कशाला मिळते, हे आधी बघावं.

ताणलेला दोर म्हणजे स्प्रिंगच. त्यात साठलेली ऊर्जा साधारणपणे ताण गुणिले लांबीतली वाढ, भागिले दोन. ९ मीटरचा नायलॉनचा जाड दोर चार टनांच्या ओढीने २० टक्के लांबला, म्हणजे १.८ मीटर वाढला, तर त्यात सुमारे ३५ हजार ज्यूल ऊर्जा साठते. आता टोकाचा किलोभर वजनाचा शॅकल सुटला आणि या ऊर्जेतला फक्त दहावा हिस्सा त्याला मिळाला असं धरा. त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातो. समोरची काच त्याला अडवू शकत नाही.

मग नायलॉन वापरायचाच कशाला? कारण हिसका देऊन गाडी काढायची असेल, तर त्याची हीच लवचीकता उपयोगी पडते. दोन टनांची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने निघाली, तर तिच्यात साधारण ७,७०० ज्यूल गतिज ऊर्जा असते. दोन गाड्यांमध्ये साखळी बांधली असेल आणि ती जेमतेम १० सेंटिमीटरमध्ये ताठ होऊन गाडीला थांबवत असेल, तर सरासरी जोर जवळपास आठ टनांचा बसतो, आणि क्षणभर त्याहूनही बराच जास्त. चॅसीला वेल्ड केलेली कडी अशा धक्क्याने उखडते. तीच गाडी नायलॉनच्या दोराने दीड मीटरमध्ये थांबली, तर सरासरी जोर सव्वापाचशे किलोंवर येतो. दोर ऊर्जा पोटात घेतो आणि मग सावकाश रुतलेल्या गाडीला देतो. रुतलेल्या गाडीला गचक्यापेक्षा ही लांबलेली ओढ जास्त मानवते.

म्हणून पहिला नियम: हिसक्यासाठी नायलॉन, आणि विंचसाठी शक्य तितका न ताणला जाणारा दोर. या दोघांची अदलाबदल करू नये. विंचच्या हुकाला नायलॉनचा हिसक्याचा पट्टा जोडून लांबी वाढवणारे मी पाहिले आहेत. विंच सावकाश ओढत राहतं, पट्टा ताणत राहतो आणि बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. प्रत्यक्षात तिथे एक प्रचंड गोफण भरली जात असते. लांबी वाढवायची असेल, तर न ताणला जाणारा वेगळा दोर मिळतो, तो घ्यावा.

विंचवरचा दोर दोन प्रकारचा असतो. जुना म्हणजे पोलादी वायर रोप आणि नवा म्हणजे सिंथेटिक दोर. सिंथेटिक दोराचं रसायन ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही, कारण तो पॉलिथिनचा असतो. किराणा दुकानातली पातळ पिशवी ज्या कुळातली, त्याच कुळातला. फरक आहे तो रेणूंच्या लांबीत आणि मांडणीत. पिशवीतल्या रेणूंच्या साखळ्या तुलनेने आखूड आणि शेवयांसारख्या एकमेकांत गुंतलेल्या असतात. पिशवी ताणली की त्या एकमेकींवरून घसरतात. दोरासाठीच्या पॉलिथिनमधल्या साखळ्या कितीतरी पट लांब असतात. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास असं पॉलिथिन द्रावकात विरघळवलं, त्याचं जेल करून धागे काढले आणि ते धागे खूप ताणले. साखळ्यांचा गुंता सुटून त्या एकाच दिशेने आडव्या झाल्या. मग ओढ थेट कार्बनच्या बंधांवर आली, आणि ते बंध फार मजबूत असतात. हाच धागा पुढे डायनीमा या नावाने बाजारात आला.

त्याचे आकडे बघण्यासारखे आहेत. १० मिलिमीटर जाडीचा चांगला सिंथेटिक दोर सुमारे नऊ टनांना तुटतो, जवळपास तेवढ्याच जाडीचा वायर रोप साडेसहा टनांच्या आसपास. २८ मीटर वायर रोपचं वजन दहा किलो भरतं, सिंथेटिकचं दीड किलो. घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असल्याने तो ओढ्यात पडला तरी तरंगतो. चिखलातून चढावर झाडापर्यंत दोर ओढत न्यायचा असेल, तर या वजनाची किंमत लगेच कळते.

आता एक गैरसमज. सिंथेटिक दोर तुटला तर काही होत नाही असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब तसं म्हणत नाही. चार टनांच्या ताणाखाली २० मीटर वायर रोप आणि २० मीटर सिंथेटिक दोर, दोन्ही साधारण एक ते दीड टक्काच लांबतात. म्हणजे दोघांत साठलेली ऊर्जा एकाच पातळीवरची, काही हजार ज्यूल. पण हलक्या वस्तूला तेवढीच ऊर्जा मिळाली, तर तिचा संवेग कमी असतो. शिवाय विणलेल्या धाग्यांच्या आपसातल्या घर्षणात आणि हवेच्या अडथळ्यात बरीच ऊर्जा जिरते. तुटलेल्या वायर रोपला पोलादी कुसळं असतात, तो चाबकासारखा फिरतो. सिंथेटिक बहुतेक वेळा जवळच गळून पडतो. पण टोकाला लोखंडी हूक असेल आणि तुटणं हुकाच्या मागे झालं, तर हूक उडणारच. दोर कोणताही असो, मध्यावर जाड घोंगडी किंवा ओलं गोणपाट टाकावं आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभं करावं. आपल्याकडे मदतीला गर्दी जमते आणि जवळच उभी राहते, म्हणूनच माझा कल सिंथेटिककडे आहे.

मात्र या दोराला उष्णता सोसत नाही. पॉलिथिन दीडशे अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं आणि त्याच्या बरंच आधी कमजोर होतं. बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो. भार धरून मोटरने दोर सोडत गेलं, तर तो ब्रेक तापतो आणि ड्रमला चिकटलेला पहिला थर भाजून निघतो. वरून काहीच दिसत नाही. म्हणून पहिल्या थराला उष्णतारोधक बाही घातलेला दोर घ्यावा. दुसरं, पूर्वी वायर रोप वापरला असेल, तर दोर जिच्यातून बाहेर पडतो त्या पुढच्या रुळांच्या चौकटीवर ओरखडे आणि कंगोरे पडलेले असतात आणि ते धागे कापतात. सिंथेटिकबरोबर गुळगुळीत ॲल्युमिनियमची चौकट बसवणं बरं. ज्याची गाडी वर्षभर खाणीत, खडकांत, उन्हात उभी असते आणि दोराची देखभाल होणार नाही, त्याने वायर रोपच ठेवावा, पण चामडी हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये.

दोर ड्रमवर किती फेरे शिल्लक ठेवायचा, यामागेही एक सुंदर गणित आहे. दोराचं टोक ड्रमला एका छोट्या स्क्रूने धरलेलं असतं, तो स्क्रू चार टन पेलू शकत नाही. पेलतं ते फेऱ्यांचं घर्षण, आणि ते फेऱ्यागणिक बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढतं. पोलादासाठी पाच फेऱ्यांत ताण शंभराव्या भागाच्या आसपास उतरतो. सिंथेटिक दोर इतका निसरडा असतो की त्याच परिणामासाठी दहाएक फेरे लागतात. म्हणूनच वायर रोपचे किमान पाच आणि सिंथेटिकचे किमान दहा फेरे ड्रमवर राहू द्यायचे.

विंचची ताकद वाचतानाही ड्रमकडे बघावं. ९,५०० पौंडांचं, म्हणजे सुमारे ४,३०० किलोंचं विंच ही ताकद फक्त पहिल्या थरावर देतं. मोटरचा पीळ तोच राहतो, पण दोराचे थर चढले की त्रिज्या वाढते, आणि दर थराला सुमारे दहा-बारा टक्के ओढ कमी होते. चौथ्या थरावर ती पावणेतीन-तीन टनांवर येते. माणसं-सामान धरून गाडीचं जे वजन होतं, त्याच्या दीडपट क्षमतेचं विंच घ्यावं असा ठोकताळा आहे. अडीच टनांच्या गाडीला हे विंच त्यात बसतं, पण चिखल हा ठोकताळा मोडतो. अमेरिकी लष्कराच्या पुस्तिकांमधला अंदाज असा: चाकाएवढ्या चिखलात रुतलेल्या गाडीला ओढायला तिच्या वजनाइतका जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, केबिनपर्यंत रुतली तर तिप्पट. मडगार्डपर्यंत रुतलेल्या अडीच टनांच्या गाडीला पाच टन हवेत, आणि विंचकडे चांगल्या दिवशी चार.

इथे कप्पी लागते. विहिरीतून पाणी काढायची मोट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचं चाक आठवेल. नाडा त्यावरून वळायचा, बैल धावेवरून चालायचे आणि मोट वर यायची. त्या चाकाने फक्त दिशा बदलायची, बैलांचं ओझं कमी व्हायचं नाही. उलट चाक धरणाऱ्या चौकटीवर मोटेच्या वजनाच्या सुमारे १.४ पट भार यायचा, कारण दोर तिथे काटकोनात वळायचा. विंचचा दोर झाडाला बांधलेल्या कप्पीतून फिरवून परत स्वतःच्याच गाडीला अडकवला, तर गाडीला दोन दोर ओढतात. ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. दोरही जास्त बाहेर जातो, त्यामुळे ड्रमचा ताकदवान खालचा थर कामाला येतो. पण झाडावर, त्याच्या पट्ट्यावर आणि कप्पीच्या शॅकलवरही दुप्पट भार पडतो, आणि तिथेच कमी पडणारा शॅकल लावला जातो. १९ मिलिमीटरच्या चांगल्या शॅकलवर ४.७५ टन असं कोरलेलं असतं. ती नेहमीच्या कामाची मर्यादा झाली, तुटण्याची मर्यादा त्याच्या कित्येक पट असते. दोर आणि पट्ट्यांच्या लेबलवर मात्र अनेकदा तुटण्याचाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. दोन वेगळ्या जातीचे आकडे शेजारी ठेवून खरेदी करू नये. ज्या शॅकलवर काहीच कोरलेलं नाही, तो कितीही जाड असला तरी घेऊ नये. जिथे जमेल तिथे लोखंडी शॅकलऐवजी त्याच पॉलिथिनच्या दोराचा गुंफलेला मऊ शॅकल वापरावा, म्हणजे उडायला जड वस्तूच कमी उरते. झाडाला दोर थेट बांधू नये. रुंद पट्टा बुंध्याशी, जमिनीलगत गुंडाळावा. साल सोलली गेली की तिच्याखालचा जिवंत थर मरतो, आणि ते झाड पुढच्या कुणाच्या उपयोगी येत नाही.

या सगळ्या सामानात सर्वात स्वस्त आणि बहुधा सर्वात उपयोगी वस्तू म्हणजे फावडं. चाकांसमोरचा चिखल उपसला, गाडीच्या पोटाखालची माती मोकळी करून हवा आत शिरू दिली, की मडगार्डपर्यंत रुतलेली गाडी हिशेबात चाकापर्यंतच रुतलेली ठरते. पाच टनांचे अडीच टन होतात. देशावरच्या काळ्या मातीत हे विशेष जाणवतं, कारण तिथली चिकण माती गाडीच्या तळाला घट्ट चिकटते आणि हवा आत येऊ देत नाही. गाडी ज्या वाटेने आत गेली, त्याच वाटेने मागे ओढली तरी जोर कमी लागतो.

विंच पूर्ण जोरात असताना बॅटरीतून चारशे अँपिअरच्या वर प्रवाह खेचतं. इंजिन चालू ठेवावं आणि मध्ये मध्ये मोटर थंड होऊ द्यावी. बसवण्यापूर्वी आणखी एक: डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबारवर, म्हणजे गाडीच्या पुढे लावायच्या लोखंडी दांड्यांवर, कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं. विंचसाठी जाड बंपर लावायचा असेल, तर आधी आरटीओत विचारावं.

घरी आल्यावर सिंथेटिक दोर बादलीत साध्या पाण्यात भिजवून चोळावा, नाहीतर आत अडकलेली बारीक वाळू प्रत्येक ताणाला धागे कापत राहते. मग सावलीत वाळवावा आणि बोटांतून इंच इंच सरकवत तपासावा. वर थोडी लव आली तर काळजी नाही. एखादी पेड अर्धी तुटलेली किंवा कडक, चकचकीत झालेली दिसली, तर तेवढा भाग कापून टाकावा आणि टोकं एकमेकांच्या पोटात दोराच्या जाडीच्या सत्तरेक पट लांबीपर्यंत ओवून जोडावीत. गाठीने दोराची जवळपास निम्मी ताकद जाते. ओवलेला जोड मात्र ओढला की आवळत जातो आणि दोराची बहुतेक सगळी ताकद राखतो. एक जाड सुई, थोडी चिकटपट्टी आणि पंधरा मिनिटं, एवढंच त्याला लागतं.