विमान ‘स्टॉल’ झालं म्हणजे इंजिन बंद पडलं नव्हे

आमच्या गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर शिकाऊ पायलटांची विमानं घिरट्या घालतात, त्यामुळे कुठंही छोटं विमान उतरताना पडलं की गावात चर्चा होतेच. ‘स्टॉल झालं’ म्हटलं की सगळे एकच समजतात: इंजिन बंद पडलं. बातम्यांतही तसंच येतं, आणि मला त्याची मनापासून चीड येते.

इंजिन बंद पडणं काही समजावून सांगायला नको. चिखलणी करताना ट्रॅक्टर बंद पडतो, तसंच ते. पण विमान लगेच कोसळत नाही. सेसना १७२ हे छोटं विमान हजार फुटांवरून इंजिनाशिवायही अडीच किलोमीटर तरंगत जातं. धुरे आडवे येणार नाहीत असं मोकळं रान शोधायला तेवढा अवधी मिळतो.

स्टॉल होतो तो पंख. गोठ्यावर टिन चढवताना वाऱ्यात पत्रा धरला असेल तर आठवा. थोडा तिरपा असला की तो हातातून वर उचलला जातो. फार उभा झाला की उचलणं थांबतं, नुसता मागं रेटतो. पंखाचा समोरच्या हवेशी कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडं गेला की तेच होतं. हवा पंखाला धरून वाहत नाही आणि उचल एकदम घटते. इंजिन पूर्ण जोरात असलं तरी.

‘वेग कमी पडला’ हेही अर्धंच उत्तर. उंची राखून ४५ अंश कलून वळलात तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख स्टॉल होतो तो वेग, १९ टक्के वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्के. सरळ उडताना पुरणारा वेग वळणात पुरत नाही.

धावपट्टीच्या रेषेत येण्याचं शेवटचं वळण घातक ठरतं ते यामुळं. मागून वारा असला की विमान रेषा ओलांडतं. पायलट वळण आवळतो, आतल्या बाजूचा रडर (नाक डावी-उजवीकडं वळवणारं शेपटीचं पान) पायानं दाबतो, वर नाक ओढतो. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान त्या बाजूला उलटून गिरकी घेतं. उंची असते जेमतेम पाचशे फूट. नाक खाली करून पंखाला पुन्हा हवा धरू द्यायला तेवढी पुरत नाही. इंजिनाचा आवाज मात्र शेवटपर्यंत येत असतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे: रेषा हुकली तर वळण आवळूच नये. पंख सरळ करावेत, जोर द्यावा, वर जाऊन पुन्हा चक्कर मारावी.