कॅमेरा बॅग : उसन्या पिशव्यांचा इतिहास

कॅमेरा बॅग कशी असावी, असे दहा छायाचित्रकारांना विचारले, तर उत्तरे वेगवेगळी येतील. पण त्यांतल्या मागण्या थोड्याफार त्याच असतील. सामान सुरक्षित राहावे, तरी कॅमेरा क्षणात हाती यावा. पावसाचा थेंब आत जाऊ नये, तरी झाकण उघडायला दोन्ही हात लागू नयेत. दोन बॉड्या (म्हणजे लेन्सखेरीजचे कॅमेरे) आणि तीन लेन्स मावाव्यात, तरी संध्याकाळी खांदा उतरू नये. शिवाय ती दिसायला बरी असावी, म्हणजे लग्नात, कार्यालयात किंवा रस्त्यात ती कॅमेऱ्याची बॅग आहे हे कोणाच्या लक्षात येऊ नये. या मागण्या एकमेकींशी भांडणाऱ्या आहेत, आणि गेल्या दीडशे वर्षांत त्यांचे भांडण पुरते मिटलेले नाही. प्रत्येक पिढीने आपापली तडजोड मात्र शोधली, आणि ही तडजोड बहुतेक वेळा दुसऱ्याच एखाद्या धंद्याच्या पिशवीतून उसनी घेतली.

सुरुवातीच्या काळात बॅगेचा प्रश्नच नव्हता, कारण सामान बॅगेत मावण्याजोगे नव्हते. 1851 साली आलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र टिपायचे आणि लगेच अंधारात नेऊन ते धुवायचे, असे सगळे काम दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. त्यामुळे छायाचित्रकाराबरोबर त्याची अंधारखोलीही प्रवास करी. इंग्रज छायाचित्रकार रॉजर फेंटन 1855 साली क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला, तेव्हा त्याच्याकडे पाच कॅमेरे, सुमारे 700 काचा आणि 36 मोठ्या पेट्या होत्या, आणि अंधारखोली म्हणून त्याने मद्यविक्रेत्याची जुनी घोडागाडी दुरुस्त करून घेतली होती. उसनवारीची परंपरा म्हणायची तर ती इथपासूनची आहे. भारतात सॅम्युएल बोर्न 1860च्या दशकात हिमालयात हिंडला, तेव्हा काश्मीरच्या मोहिमेत त्याचे सामान चाळीसहून अधिक हमालांच्या पाठीवर होते. आपल्याकडे मुंबईत 1854 सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे शिक्षण सुरू झाले होते. पण त्या काळात या छंदासाठी पैशाइतकीच माणसेही लागत. वजन कमी करण्याची चिंता छायाचित्रकाराला नव्हती. ती ज्यांना होती, त्यांची नावे चित्राखाली येत नसत.

आधीच रसायन लावून ठेवलेल्या कोरड्या काचा आल्या, फिल्म आली, तसा हा डोलारा आटत गेला. 1888 साली जॉर्ज ईस्टमनने पहिला कोडॅक कॅमेरा 25 डॉलरला विकायला काढला. त्या किमतीत शंभर चित्रांची फिल्म भरलेली असे आणि खांद्याला अडकवायच्या पट्ट्याचे चामडी आवरणही मिळे. कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती आला त्याच दिवशी त्याची पिशवीही आली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत लायका हा लहान कॅमेरा लोकांसमोर आला आणि कॅमेरा कोटाच्या खिशात जाऊ लागला. त्यानंतरच्या दशकात, कॅमेऱ्याच्या अंगाबरोबर बेतलेले, पुढचे झाकण खाली लोंबत ठेवून तसेच चित्र काढता येईल असे चामडी आवरण सर्वत्र रुळले. बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्याबरोबर तसेच आवरण आपल्याकडच्या कित्येक घरांत आले. आजही जुन्या कपाटात कॅमेऱ्यापेक्षा त्याचे तपकिरी आवरणच चांगल्या अवस्थेत सापडते. या आवरणाने एक लेन्स आणि एक बॉडी सांभाळली, पण दुसरी लेन्स आली की त्याचा उपयोग संपे, आणि फिल्म बदलताना ते बहुधा पूर्ण काढावेच लागे.

वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांची अडचण याहून मोठी होती. स्पीड ग्राफिकसारखा कॅमेराच अडीच किलोच्या पुढे जाई, त्याच्या एका होल्डरमध्ये दोनच फिल्मी मावत, आणि फ्लॅशचा दिवा प्रत्येक चित्राला नवा लागे. जळालेल्या दिव्यांसकट हे सगळे कुठेतरी ठेवायचे असे. होमाई व्यारावाला यांनी मुंबईत कामाला सुरुवात केली आणि 1942 नंतर दिल्लीत अनेक वर्षे वृत्तछायाचित्रण केले. त्या साडी नेसून, सामान बरोबर घेऊन सायकलने हिंडत. पुरुषांच्या कोटाला निदान मोठे खिसे असत. बाईने हे सामान कसे वाहावे, याचा विचार पिशव्या शिवणाऱ्यांनी त्यानंतर कितीतरी दशके केला नाही. त्याकडे पुढे यायचे आहेच.

युद्धानंतरच्या काळात हौशी मंडळींसाठी कडक चामड्याच्या, पेटीसारख्या चौकोनी बॅगा निघाल्या. त्यांना गॅजेट बॅग म्हणत. आत मखमली अस्तर, प्रत्येक वस्तूला ठरलेला खण, वर चकचकीत बक्कल. घरात टेबलावर उघडून दाखवायला ती झकास होती. गर्दीत मात्र तिचे कोपरे बरगड्यांत रुतत. व्यावसायिकांनी त्यावर उपाय म्हणून अॅल्युमिनियमच्या पेट्या पत्करल्या. अमेरिकेच्या तेलधंद्यातले उद्योजक अर्ल हॅलिबर्टन यांनी 1938 साली प्रवासात कपड्यांना धूळ लागू नये म्हणून अॅल्युमिनियमची सूटकेस करवून घेतली होती. पुढे आत फोम भरून, कॅमेऱ्याच्या आकाराचे खड्डे कापून तीच पेटी स्टुडिओतल्या छायाचित्रकारांनी आपलीशी केली. तिच्या मजबुतीबद्दल शंका नव्हती. पण ही पेटी खाली ठेवून, दोन कड्या उघडून, झाकण वर करावे लागे, आणि तोवर रस्त्यावरचा प्रसंग संपलेला असे. शिवाय चांदीसारखी चकाकणारी पेटी म्हणजे आत महागडी वस्तू आहे, अशी दवंडीच.

खरा पालट 1970च्या दशकात झाला, आणि तो एकाच वेळी तीन-चार दिशांनी झाला, म्हणून या दशकापाशी थोडे थांबायला हवे. अमेरिकेत फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वृत्तपत्राचे छायाचित्रकार जिम डोम्के यांनी या कडक पेट्यांना कंटाळून दशकाच्या मध्यावर स्वतःसाठी एक पिशवी बेतली. जाड सुती कॅनव्हास, वर मोठे झाकण, मध्ये लेन्सांसाठी चार खणांचा सुटा भाग, बाहेर फिल्मसाठी खिसे, आणि फोम नावालाही नाही. गादी नसल्यामुळे पिशवी अंगाला चिकटून राहते, तिचा फुगवटा होत नाही आणि वजन घटते. खांद्याच्या पट्ट्यात रबराचे धागे विणलेले असल्याने तो घसरत नाही. ही रचना वरवर निष्काळजी वाटते, पण तिच्यामागे एक विचार आहे, आणि मला तो पटतो : रोज कॅमेरा वापरणारा माणूस तो आपटू देत नाही, त्याला संरक्षणापेक्षा हाताला सवय होणारी जागा हवी असते. न पाहता हात घातला तरी दुसरी लेन्स कोठे आहे हे कळणे, हा डोम्के यांच्या पिशवीचा खरा गुण होता. ही रचना एफ-टू या नावाने अजून विकली जाते.

त्याच सुमारास इंग्लंडात मार्टिन बिलिंगहॅम यांचा कारखाना 1973 पासून मासेमारीच्या हौशी लोकांसाठी पिशव्या शिवत होता. गळ, दोरा, आमिष आणि पकडलेला मासा बाळगणाऱ्या माणसाच्या गरजा सोप्या असतात : बाहेर पाऊस असताना आत कोरडे राहावे, काठावर बसल्या बसल्या एका हाताने झाकण उघडावे, आणि चिखलात ठेवले तरी कापड सडू नये. 1978 साली कंपनीच्या ध्यानात आले, की न्यूयॉर्कमध्ये आपल्या पिशव्या मासे पकडणारे नव्हे, तर छायाचित्रकार विकत घेत आहेत. मग तिने कॅमेऱ्यासाठी वेगळ्या पिशव्या काढल्या. दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन केलेले जलरोधक कापड, पितळी बक्कल, चामड्याचे पट्टे, खाकी रंग, अशा या रूपाला पुढे अभिजात मानले गेले. येथे मौज अशी, की आज या बॅगेला लोक देखणी म्हणतात, पण तिच्या देखणेपणातला प्रत्येक तुकडा मुळात ओल्या नदीकाठाच्या गरजेतून आलेला आहे. खाकी रंग चिखल लपवतो, चामडे वापराने मऊ होते, पितळ गंजत नाही.

तिसरी वाट डोंगरावरून आली. ग्रेग लो हा अमेरिकन गिर्यारोहक आणि त्याचे भाऊ 1967 पासून चढाईच्या सॅक बनवत होते. पाठीला लागून असलेला आतला सांगाडा, छातीवरून जाणारा पट्टा आणि कमरेवर वजन टेकवणारी रचना यांमुळे जड ओझेही पाठीवर डुलत नसे. याच घराण्यातून लोप्रो या नावाच्या मऊ, गादी लावलेल्या कॅमेरा बॅगा निघाल्या, आणि पुढे पाठीवरच्या कॅमेरा सॅक सर्वत्र पसरल्या. 1977 साली कॅलिफोर्नियात टॅमरॅक आणि न्यूयॉर्कमध्ये टेन्बा या कंपन्या सुरू झाल्या. नायलॉन, बंद पेशींचा फोम आणि वेलक्रोने कोठेही चिकटवता येणारे खण या तीन गोष्टींनी मग पुढच्या वीस वर्षांची बॅग ठरवली. खण हलवता येणे ही सोय लहान वाटेल; पण तिच्यामुळे बॅग कॅमेऱ्याप्रमाणे बदलू लागली. तोवर कॅमेरा बदलला की बॅगही बदलावी लागे. वेलक्रोचा एक दोष मात्र कोणालाच टाळता आला नाही : कीर्तन रंगात आले असताना किंवा सप्तपदीच्या ऐन वेळी झाकण उघडावे, तर तो चर्रकन आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

या नायलॉनी पिढीने संरक्षणाचा प्रश्न सोडवला आणि रूपाचा निर्माण केला. काळी, फुगीर, दर्शनी बाजूला कंपनीचे नाव भरतकामात मिरवणारी बॅग चोराला लांबून ओळखू येई, आणि लग्नाच्या मांडवात ती गॅस दुरुस्तीवाल्याच्या पिशवीसारखी दिसे. त्यावर पहिला ठळक उतारा मेलबर्नहून आला. 1995 साली सुरू झालेल्या क्रम्पलर कंपनीने सायकलवरून पाकिटे पोहोचवणाऱ्या मुलांच्या पिशव्यांचा घाट घेतला. एका खांद्यावरून तिरका पट्टा, रुंद झाकण, एकच मोठे बक्कल, आणि पिशवी पाठीवरून क्षणात पोटावर फिरवता येणे, हे सगळे त्या मुलांच्या घाईतून आले होते. भडक रंग आणि बॅगांची विचित्र नावे ही कंपनीची स्वतःची भर.

डिजिटल कॅमेऱ्याने सामानाची यादीच बदलून टाकली. फिल्मचे डबे गेले, त्यांच्या जागी लॅपटॉप, चार्जर, कार्डे आणि जादा बॅटऱ्या आल्या. विमानप्रवासाचे नियमही बॅगेचा आकार ठरवू लागले. ऑगस्ट 2006 मध्ये लंडनमधला विमाने उडवून देण्याचा कट उघडकीस आल्यावर ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशांना काही दिवस हातातले सामान नेताच येईना, आणि छायाचित्रकारांना आपले कॅमेरे विमानाच्या पोटात टाकावे लागले. आधीच्याच वर्षी, 2005 मध्ये, कॅलिफोर्नियात छायाचित्रकार आणि बॅगरचनाकार यांनी मिळून थिंक टँक फोटो ही कंपनी काढली होती. डोक्यावरच्या कप्प्यात नेमक्या बसणाऱ्या तिच्या चाकांच्या बॅगा वृत्तछायाचित्रकारांत चटकन रुळल्या. आपल्या देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा असते, आणि मोठी टेलिलेन्स बाळगणाऱ्याला ती लेन्सनेच बरीचशी भरलेली दिसते.

2010च्या सुमारास मात्र प्रश्न निराळ्या बाजूने विचारला गेला. लग्नांचे आणि लहान मुलांचे छायाचित्रण करणाऱ्या स्त्रिया या धंद्यात मोठ्या संख्येने आल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे दुकानात मांडलेली प्रत्येक बॅग पुरुषाच्या खांद्याच्या मापाची होती. केली मूर या अमेरिकन लग्नछायाचित्रकार स्त्रीने आपल्या नावाच्या बॅगा काढल्या, ओना या न्यूयॉर्कच्या कंपनीने चामडे आणि मेण लावलेला कॅनव्हास वापरला. बाहेरून पर्स किंवा कार्यालयाची बॅग, आतून गादीचे खण. काही जुन्या मंडळींनी याला नखरा म्हणून नाक मुरडले. त्यांच्याशी सहमत होणे कठीण आहे, कारण ज्या बाईला सकाळी ग्राहकाला भेटायचे, दुपारी चित्रे काढायची आणि संध्याकाळी मुलाला शाळेतून आणायचे आहे, तिच्या दृष्टीने एकच बॅग सगळीकडे चालणे ही शोभेची नव्हे, सोयीची बाब आहे.

त्यानंतरची मोठी खूण सॅन फ्रान्सिस्कोच्या पीक डिझाइनची. 2015 साली तिने एव्हरीडे मेसेंजर ही बॅग लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन बनवली, तेव्हा 48 लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. पुढच्या वर्षीच्या सॅक, टोट (हातात धरायची पिशवी) आणि स्लिंग (अंगावर तिरकी अडकवायची लहान पिशवी) यांच्यासाठी 65 लाखांच्या आसपास. घडी घालून लहान-मोठे करता येणारे खण, चुंबकाने आपोआप लागणारी कडी आणि बाजूने उघडणारी चेन ही तिची वैशिष्ट्ये. राखाडी, कोनदार, कॅमेऱ्याचा मागमूस नसलेले हे रूप इतके चालले, की 2021 साली अॅमेझॉनच्या स्वतःच्या छापाची, एव्हरीडे स्लिंग याच नावाची, तशीच दिसणारी पिशवी बाजारात आलेली पाहून पीक डिझाइनने तिच्यावर एक उपरोधिक व्हिडिओ काढला.

मुंबईच्या फोर्टमधील बोरा बाजारात या सगळ्या पिढ्या एकाच दुकानात टांगलेल्या दिसू शकतात. इथल्या वापराने मात्र आपली कसोटी लावलेली आहे. लोकलच्या गर्दीत सॅक पाठीवर ठेवणे म्हणजे चेन परक्याच्या हाती देणे, म्हणून ती पोटावर येते, आणि मग पाठीकडून उघडणाऱ्या सॅकची चेन आपल्याच पोटाशी दबते, म्हणजे तिचा फायदा उलटा होतो. पावसाळ्यात वरून चढवायचे आवरण हवेच, पण त्याहून महत्त्वाचे हे, की भिजलेली बॅग घरी येऊन तशीच मिटली, तर आतले अस्तर ओलावा धरून ठेवते आणि लेन्समध्ये बुरशीचे जाळे धरते. कोकणात चार महिने लेन्स गादीच्या खणात ठेवणाऱ्याने सिलिका जेलच्या पुड्यांवर फार भिस्त ठेवू नये. बॅग वाहण्यासाठी आहे, साठवण्यासाठी नाही.

अलीकडे आतला आरसा नसलेल्या, म्हणून लहान झालेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी सामान पुन्हा आटले, आणि बाजारात आता सर्वांत साधी वस्तू पुन्हा खपते आहे : नुसता गादीचा सुटा खण. डोम्के यांच्या पिशवीतही तसाच एक सुटा भाग होता. तो घेऊन लोक कॉलेजच्या जुन्या सॅकमध्ये, कार्यालयाच्या बॅगेत, आणि मी एकदा पाहिले त्याप्रमाणे खांद्यावरच्या सुती शबनममध्येही ठेवतात. त्या शबनममधून आधी पाण्याची बाटली निघाली, मग घडी केलेले वर्तमानपत्र, आणि त्याखालून कॅमेरा.