मेटल डिटेक्टरने नाणेशोध

हातात धरायच्या धातुशोधक यंत्राने जमिनीचा वरचा थर तपासून त्यात पडलेली किंवा पुरलेली नाणी शोधण्याचा छंद. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात त्याचे क्लब आहेत, नियम आहेत आणि यंत्रांची मोठी बाजारपेठही आहे. यंत्र विकत आणले, बटण दाबले की नाणी सापडू लागतात, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात यंत्राला नाणे ओळखता येत नाही. खाली वीज वाहून नेणारी एखादी वस्तू आहे आणि ती साधारण कशी वाहक आहे, एवढेच ते कळवते. ते नाणे आहे की शीतपेयाच्या डब्याची कडी, हे कान आणि अनुभव ठरवतात. नवीन यंत्र शिकायला लागणारा बहुतेक वेळ त्यातच जातो.

या यंत्राच्या पूर्वजाची पहिली गाजलेली चाचणी फसली. १८८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात अडकलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालणारे उपकरण तयार केले. गोळी काही सापडली नाही. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी संकेतात घोळ घातला आणि डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली, अशी दोन कारणे त्यासाठी दिली जातात. आसपासच्या लोखंडाने फसवणे ही तक्रार त्यामुळे या यंत्राइतकीच जुनी म्हणावी लागेल. पुढे गेरहार्ड फिशर यांना १९३७ मध्ये हाती वापरायच्या यंत्राचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे लेफ्टनंट युझेफ कोसात्स्की यांनी बनवलेला सुरुंगशोधक एल अलामेनच्या लढाईत वापरला गेला. युद्धानंतर सैन्याची जादा झालेली यंत्रे बाजारात आली आणि छंदाला सुरुवात झाली.

यंत्र काय मोजते

दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेची दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह जातो आणि खाली बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातू आला की त्यात भोवरा प्रवाह, म्हणजे गोल गोल फिरणारे विजेचे प्रवाह, तयार होतात; त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते. मूळ लहर आणि परत आलेली लहर यांत किती अंतर पडले, हे मोजून यंत्र एक आकडा दाखवते आणि आवाज काढते. जाड चांदीत हे प्रवाह रेंगाळतात, पातळ वर्खात झटकन विरतात, आणि लोखंड चुंबकीय असल्याने त्याची प्रतिक्रिया वेगळीच येते.

हा आकडा एकट्या धातूवर ठरत नाही. धातू, जाडी, आकार आणि वस्तू जमिनीत कशी पडली आहे, या सगळ्यांचा मिळून तो बनतो. अमेरिकेतले पाच सेंटचे नाणे ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेलचे असते. हा मिश्रधातू वीज फारशी चांगली वाहून नेत नाही, त्यामुळे ते नाणे ॲल्युमिनियमच्या कडीच्या शेजारीच आकडा देते. कडी टाळायची तर नाणेही सुटते. दहा आणि पंचवीस सेंटची १९६४ पर्यंतची नाणी मात्र ९० टक्के चांदीची, म्हणून त्यांचा सूर वरच्या पट्टीत लागतो. एक सेंटचे नाणे १९८२ मध्ये तांब्याकडून जस्ताकडे वळले, त्यामुळे या सालाच्या अलीकडचे आणि पलीकडचे सेंट वेगळे आकडे दाखवतात. ब्रिटनमधला घोळ आणखी वेगळा. मध्ययुगात तिथे सुट्ट्या पैशांसाठी चांदीची पेनी कापून तिचे अर्धे किंवा चतकोर तुकडे करत. असा चतकोर तुकडा चांदीचा असूनही इतका लहान आणि पातळ असतो की त्याचा संकेत वर्खाच्या जवळ जातो. कचरा वगळण्याची सोय, म्हणजे डिस्क्रिमिनेशन, नवख्याने उत्साहाने वाढवून ठेवली की अशी नाणी पायाखालून निघून जातात. ही सोय कमीत कमी ठेवून सुरुवात करावी, हे जाणत्यांचे मत योग्यच आहे.

आकड्यांची पट्टीही कंपनीगणिक वेगळी असते. गॅरेटच्या अनेक यंत्रांवर ती ० ते ९९ अशी आहे, तर मिनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० वर सुरुवातीला ती उणे ९ ते ४० अशी होती. जुन्या यंत्रावर वर्षे घालवलेला माणूसही नवे यंत्र हाती आल्यावर काही काळ चाचपडतो, तो यामुळेच. वारंवारतेचाही फरक पडतो. पाच-सात किलोहर्ट्झची यंत्रे मोठ्या तांब्या-चांदीच्या नाण्यांवर चांगली चालतात, वरच्या वारंवारतेची यंत्रे बारीक आणि पातळ वस्तू पकडतात. अलीकडची अनेक यंत्रे एकाच वेळी अनेक वारंवारता वापरतात. त्यामुळे निवड सोपी झाली, संकेत समजून घेणे मात्र झालेले नाही.

हात आणि कान

शिकण्याची रूढ पद्धत अशी. आधी घराच्या अंगणात, धातू नसल्याची खात्री करून, वेगवेगळी नाणी, एक खिळा, एक बूच आणि वर्खाचा एक तुकडा ठरावीक खोलीवर पुरायचे आणि कुठे काय आहे ते वहीत लिहून ठेवायचे. दहा सेंटिमीटरवर नाणे कसे बोलते, वीस सेंटिमीटरवर तेच नाणे कसे दबक्या आवाजात बोलते, हे पडद्याकडे न बघता ऐकायचे. हवेत धरलेले नाणे लांबून सहज पकडले जाते. मातीत ते अंतर बरेच घटते. बहुतेक यंत्रांना नाण्याएवढी वस्तू पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत खात्रीने कळते. जाहिरातीतली खोली सहसा हवेतली किंवा मोठ्या वस्तूची असते, हे ध्यानात ठेवावे.

कॉइल जमिनीला समांतर आणि जमिनीच्या अगदी लगत फिरवायची असते. नवख्याचा हात फेरीच्या दोन्ही टोकांना लंबकासारखा वर उचलला जातो आणि तिथली खोली वाया जाते. डावीकडून उजवीकडे जाऊन परत यायला दोन-तीन सेकंद लागावेत, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी तरी चढावी. कॉइलखालचे क्षेत्र खोल जाताना निमुळते होते, त्यामुळे दोन फेऱ्यांत फट राहिली तर वरची माती तपासली जाते, खालची नाही.

चांगला संकेत दोन्ही बाजूंनी सारखाच वाजतो. आवाज आला की त्याच जागी उभे राहून उलट दिशेने फिरवावे, मग वस्तूभोवती नव्वद अंशांनी वळून पुन्हा फिरवावे. नाणे गोल असते, त्यामुळे ते बहुधा सगळीकडून एकच आकडा देते. एका बाजूने खणखणीत वाजून दुसऱ्या बाजूने तुटणारा आवाज बऱ्याचदा गंजलेल्या खिळ्याचा निघतो. गंजक्या पत्र्याचा तुकडा याहून धूर्त असतो, कारण चपट्या लोखंडातही भोवरा प्रवाह मोठे तयार होतात आणि यंत्र त्याला चांदीच्या पंगतीत बसवते. अशा वेळी कॉइल हळूहळू वर उचलावी. नाण्याचा आवाज लवकर मावळतो, मोठा पत्रा वरूनही बोलत राहतो. खिळ्यांच्या गर्दीत नाणे झाकलेही जाते. जुन्या घराच्या जागी मोठी कॉइल काढून पंधरा सेंटिमीटरची छोटी लावतात ती यासाठी, म्हणजे तिच्याखाली एका वेळी कमी वस्तू येतात.

सुरुवातीच्या दिवसांत वाजेल ते सगळे खणावे, हा सल्ला कंटाळवाणा असला तरी त्याला पर्याय नाही. अमुक आवाज बुचाचा, अमुक आवाज नाण्याचा, ही खूणगाठ वस्तू बाहेर काढून पाहिल्याशिवाय बसत नाही. हेडफोन लावणे चैन नव्हे; खोल नाण्याची कुजबूज उघड्या स्पीकरवर वाऱ्यात हरवते.

खणण्यालाही रीत आहे. हिरवळीवर तीन बाजूंनी कापून चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवतात, गवताची ढलपी उलटतात, सुटी माती फडक्यावर घेतात आणि शेवटी सगळे जागच्या जागी दाबून बसवतात. खड्ड्यात नाणे नेमके कुठे आहे ते पिनपॉइंटर नावाचे हातात मावणारे छोटे यंत्र सांगते, त्यामुळे खुरप्याचे टोक नाण्यावर बसत नाही. बाहेर आलेले नाणे बोटाने चोळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. वाळूचे कण चिकटलेले असताना चोळले की ओरखडे पडतात आणि नाण्याची किंमत नि त्यावरची अक्षरे दोन्ही जातात.

एकापेक्षा जास्त नाणी निघाली तर

एकटेदुकटे नाणे हरवलेले असते, साठा कुणीतरी ठेवलेला असतो. साठा लागला तर खणणे थांबवावे लागते, आणि या छंदातली सर्वांत अवघड गोष्ट बहुधा हीच. १९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉझ आपल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. चांदीचे चमचे आणि नाणी दिसू लागताच त्यांनी अधिकाऱ्यांना कळवले. उत्खनन पुरातत्त्वज्ञांनी केले आणि रोमन काळाच्या अखेरची सुमारे १५,००० नाणी व दागिने हाती आले. हातोडाही सापडला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

२०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोम इथे डेव्ह क्रिस्प यांना मातीच्या रांजणाचे तोंड लागले. त्यांनीही हात आवरला. रांजणातली ५२,५०३ नाणी तज्ज्ञांनी थराथराने बाहेर काढली, तेव्हा कॅरॉशियस या बंडखोर रोमन सम्राटाची तुलनेने नवी नाणी बरीच खाली आढळली. वर्षानुवर्षे थोडी थोडी भर पडली असती तर ती वर राहिली असती; म्हणजे रांजण बहुधा एकाच वेळी भरला गेला. नाणी बादलीत ओतून घरी नेली असती तर हे कधीच कळले नसते. याच्या उलट उदाहरण हेरफर्डशायरमधल्या लेमस्टर इथले. २०१५ मध्ये तिथे नवव्या शतकातला साठा लागला, शोधणाऱ्यांनी तो न कळवता विकायला काढला, आणि २०१९ मध्ये त्यांना तुरुंगवास झाला. बहुतेक नाणी आजही बेपत्ता आहेत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. कायद्याच्या व्याख्येत बसणारी वस्तू चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अकस्मात मृत्यूंबरोबर अशा साठ्यांचीही चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवावी लागते. संग्रहालयाने ती घेतली तर मोबदला सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटला जातो. व्याख्येबाहेरच्या वस्तूंची नोंद स्वेच्छेने करण्याची योजनाही आहे आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक नोंदी झाल्या आहेत. स्कॉटलंड आणि आयर्लंडचे नियम याहून वेगळे, आयर्लंडचे तर फारच कडक: तिथे परवान्याशिवाय यंत्राने प्राचीन वस्तू शोधणे हाच गुन्हा. अमेरिकेत संघराज्याच्या मालकीच्या जमिनीतून शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू परवानगीशिवाय उचलण्यास १९७९ पासून बंदी आहे.

भारतात

भारतात १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे. जमिनीत लपलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर कलेक्टरला लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास वाटा जातो व शिक्षाही होते. दहा रुपयांची मर्यादा आज हास्यास्पद वाटते, पण तिचा अर्थ इतकाच की जवळजवळ प्रत्येक जुने नाणे या कायद्याखाली येते. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवानगीशिवाय खोदणे तर वेगळा गुन्हा. तरीही २०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात मुघलकालीन सोन्याच्या मोहरा निघत असल्याची अफवा उठली आणि रात्री बॅटऱ्या, चाळण्या नि मेटल डिटेक्टर घेऊन लोक शेते उकरू लागले. त्याला नाणेशोध म्हणणे जिवावर येते. साठ्याचे मोल त्याच्या एकत्र असण्यात किती असते, हे पाहायचे तर नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीचा साठा पाहावा. १९०६ मध्ये मिळालेल्या या साठ्यात क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानावरच्या सातवाहन विजयाचा हा मोठाच पुरावा ठरला.

स्वतःच्या अंगणात यंत्र शिकणाऱ्याला महाराष्ट्रात दोन अडचणी येतात. पहिली मातीची. दख्खनचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात मॅग्नेटाइट असते आणि त्याच्यापासून झालेली माती स्वतःच यंत्राला थोडीफार बोलते. कोकणातला लोहयुक्त जांभा तेच करतो. म्हणून दर वेळी ग्राउंड बॅलन्स करावा लागतो: धातू नसलेल्या जागी कॉइल वरखाली हलवून यंत्राला त्या मातीचा संकेत वजा करायला लावायचा. संवेदनशीलता थोडी उतरवली आणि डबल-डी प्रकारची, म्हणजे इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी असलेली, कॉइल लावली की गोंगाट बराच खाली येतो. दुसरी अडचण खिशातल्या नाण्यांची. १९९२ पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, त्यामुळे लोखंड वगळण्याची सोय चालू असेल तर यंत्र त्याला लोखंडात ढकलण्याचा संभव मोठा. सरावासाठी ॲल्युमिनियमचे जुने दहा पैसे, तांबे-निकेलचा जुना रुपया आणि तांब्याचा एखादा जाड तुकडा अशी सरमिसळ जास्त उपयोगी पडते. शिवराईसारखे जाड तांब्याचे नाणे कसे वाजेल, याचा अंदाज त्या तुकड्यावरून येतो.